वेण्णार क्लबाचा सरप्राइज आयटम

वेण्णार क्लबात मला शाल घातली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आमच्या तंजावुरात माणसाला जागेवरून हलवायचं असलं की आधी शाल घालतात. चंदनाचा हार झाला, फोटो झाले, आणि मग अध्यक्ष सुब्रमण्यम गोड तमिळमध्ये म्हणाले की सांबशिव सारांनी करमणूक समितीचा भार वर्षानुवर्षं वाहिला, आता त्यांनी पुढच्या रांगेत निवांत बसून मजा बघावी. मी निवांतपणा मागितला नव्हता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून घरी दुसरं होतं काय?

करमणूक समिती म्हणजे बिनपगारी हमाली. पोंगलच्या शर्यती, नवरात्रातली बाहुल्यांची संध्याकाळ, दर महिन्याचा तंबोला आणि सगळ्यांत मोठा तो वार्षिक दिन. पायसम पातळ झालं तर शिव्या समितीला, पंखा बंद पडला तर शिव्या समितीला. तरी मी ते पद सोडत नव्हतो, कारण समितीच्या मुख्याच्या हातात माईक असतो. खोटं कशाला बोलू, तो माईक मला जीव की प्राण होता. मी काही बोललो की सभागृह हसायचं. घरी बोललो की भामा म्हणायची, "सेरी, बरें, आतां जेवा."

नवी समिती तिघांची झाली. तरुणांतून रंजना, ती दातांची डॉक्टर. बायकांमधून भामा, म्हणजे माझीच बायको. आणि अनुभवी माणूस हवा म्हणून अनिरुद्धराव.

ह्या अनिरुद्धरावाबद्दल सांगायला हवं. क्लबात मराठी घरं चार-पाच, त्यांतलं एक आमचं, एक त्याचं. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा आणि माझ्या डब्यातलं डांगर खायचा. गावाबाहेर कालव्याच्या कडेला त्याची नारळाची बाग आहे, बागेत घर आहे, दारात जीप आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ह्या वयात माझ्या डोक्यावर कंगवा फिरवायला कारण उरलेलं नाही आणि ह्याचे केस अजून विशीतल्यासारखे दाट. देव देतो तर कुणाला देतो ते बघा.

भामाचं नाव वाचलं तेव्हा मात्र मी मनातून खूश झालो. भामा समितीत म्हणजे मीच समितीत, असा माझा सरळ हिशेब. ती बैठकीला जाईल, येऊन मला सांगेल, मी बसल्या जागी सगळं ठरवीन आणि ती दुसऱ्या दिवशी जाऊन तसं बोलेल. पहिल्या बैठकीहून ती परत आली तेव्हा मी झोपाळ्यावर तयारच बसलो होतो.

"काय ठरलें?" मी विचारलं.

"ठरलें," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. "वार्षिक दिनाला सरप्राइज आयटम काय ठेविलात?"

भामाने तांदूळ धुता धुता विचारलं, "नियम कोणी केला होता?"

नियम मी केला होता. वार्षिक दिनाला एक सरप्राइज आयटम असतो. तो काय आहे हे पडदा उघडेपर्यंत समितीशिवाय कुणाला कळायचं नाही, आणि समितीतल्या माणसाने ते घरच्यांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर समितीबाहेर. हा नियम मी कडकपणे पाळला. एका वर्षी पोय्काल कुदिरै आणले होते, म्हणजे लाकडी पायांवर उभं राहून कागदी घोडे नाचवणारे. त्यांचे घोडे आदल्या दिवशी आमच्याच मागच्या खोलीत चादरीखाली ठेवलेले. भामाने विचारलं, हें काय? मी म्हणालो, वीज मंडळाचें सामान. ती त्या सामानाभोवतीने केर काढत राहिली, पुन्हा काही बोलली नाही. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं.

"तो नियम दुसऱ्यांसाठीं गे," मी म्हणालो. "नवरा-बायकोंत कसला नियम?"

"मग ते घोडे मज का नाहीं दाखविलात?" असं म्हणून तिने पातेलं चुलीवर चढवलं.

तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

तीन भाषा येणाऱ्या घरात गुपित बोलायची मोठी पंचाईत. मराठीत बोलावं तर मला कळतं, तमिळमध्ये बोलावं तर मला कळतं, इंग्रजीत बोलायला गेली तर भामाला स्वतःलाच हसू येतं. म्हणून फोन वाजला की ती गच्चीवर जायची. मी जिन्याखाली उभा राहायचो. शब्द कळायचे नाहीत, हसणं तेवढं कळायचं. आणि ते हसणं मला नवीन होतं. माझ्यासमोर भामा हसली तर तोंडावर पदर धरून हसते, तेही सणासुदीला. गच्चीवर ती मोकळ्या गळ्याने हसत होती, अगदी खालच्या फुलवालीने मान वर करून बघावं इतकी.

"कोणाचा फोन?"

"समितीचा."

"समितीला नांव नाहीं का?"

"अनिरुद्धराव," ती म्हणाली. एवढं बोलून ती वाळवण गोळा करायला वळली. लपवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग तालमी सुरू झाल्या. तालीम कसली, ते गुपित. कुठे, तर अनिरुद्धरावाच्या बागेतल्या घरी, कारण क्लबात कोणीही डोकावतं. तिसऱ्या प्रहरी जीप दाराशी यायची, एकदा हॉर्न वाजायचा, आणि जी बाई मी चार हाका मारल्यावर "आलें" म्हणते ती पहिल्या हॉर्नला बाहेर. जाताना हातात कापडी पिशवी. अनिरुद्धराव जीपमधून मला हात करायचा. "काय सांबा, बरा आहेस ना?" मी म्हणायचो, मज काय झालें? दाढ दुखत असताना मिठाई वाटावी तसं मी हसायचो.

मला वाटत होतं ते सरळ सांगतो. मला वाटत होतं की माझी बायको मला आता कंटाळली आहे. माईक गेला त्याचं दुःख होतंच, पण माईक क्लबाचा होता. भामा माझी होती. सगळं आयुष्य ती माझ्या घरात गप्प राहिली ते तिचा स्वभावच गप्प म्हणून, असं मी धरून चाललो होतो. आता दिसत होतं की स्वभाव तसा नव्हता. दुसरा कोणी बोलणारा मिळाल्यावर ती हसतही होती, बोलतही होती. मग माझ्यातच काहीतरी कमी, आणि जे कमी ते त्या दाट केसांच्या माणसाकडे आहे.

त्यातच माझी वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं पांढरं धोतर, हरवली. मोरडोळ्यांच्या किनारीची, वार्षिक दिनाला नेसायची. कपाटात नाही, धोब्याकडे नाही. भामाला विचारलं तर म्हणाली, "मिळेल. जाते कोठें?"

एक दिवस जीप गेल्यावर मी मोपेड काढली. गाव सुटलं, कालवा लागला, दोन्हीकडे भाताची लावणी चाललेली. बागेच्या अलीकडे मोपेड उभी करून मी कुंपणाशी गेलो. घराच्या मागच्या अंगणात दोन माडांमध्ये दोरी बांधली होती आणि त्या दोरीवर माझी वेष्टी वाळत होती. किनार बघून ओळखली, आणि टोकाशी भामाने घातलेली टीप बघून खात्री केली. आतून भामाचं ते नवीन हसणं ऐकू आलं, पाठोपाठ त्याचं. मग तिने काही म्हटलं आणि दोघं पुन्हा हसली.

माझी वेष्टी दुसऱ्याच्या दोरीवर! आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजावं? आत जाऊन दोघांना जाब विचारावा असं मनात आलं. पण आत जाऊन खरंच काही दिसलं असतं तर? मी तसाच मागे फिरलो आणि रागाच्या भरात मोपेड सरळ बांधावरून चिखलात घातली. लावणी करणाऱ्या बायकांनी ती ओढून काढून दिली. त्याही हसत होत्या. त्या दिवशी सगळं जगच हसत होतं.

घरी आल्यावर भामाने माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं आणि न विचारता पाणी दिलं. मी मनात ठरवलं, घरात नाही तर चारचौघांत विचारीन.

सभासदांची मासिक सभा शनिवारी सकाळी असते. कॉफी आणि वडे झाले, सुब्रमण्यम यांनी आणखी कुणाला काही बोलायचंय का म्हणून विचारलं, आणि मी उभा राहिलो. म्हणालो, क्लबाची समिती क्लबाच्या आवारातच बसावी अशी पद्धत आहे. हल्लीची समिती खाजगी जागेत बसते. तिथे काय चालतं हे सभासदांना कळलं पाहिजे, नाहीतर हा सरप्राइज आयटम रद्द करावा. बोलताना मी भामाकडे बघितलं नाही. अनिरुद्धरावाकडे बघितलं. तो कपातली कॉफी ढवळत होता.

सुब्रमण्यम अवघडून म्हणाले, मॅडम, थोडं काही सांगता येईल का?

भामा उभी राहिली. क्लबात ती कधी उभी राहून बोललेली मी पाहिली नव्हती. ती स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, "तालीम इथे घ्यायला आमची हरकत नाही. पण आमच्या घरचे येऊन कुंपणाशी उभे राहतात. मग सरप्राइज कसलं राहणार?"

सगळ्या सभेत हशा फुटला. रंजनाला तर ठसका लागला. करायला गेलो काय आणि झालं काय! म्हणजे तिला ठाऊक होतं. मोपेडचा आवाज, कुंपणामागची टक्कल पडलेली आकृती, सगळं. आणि घरी पाणी देताना एक अक्षर बोलली नव्हती. मी खाली बसलो. सुब्रमण्यम यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शालीसारखाच तो हात.

वार्षिक दिन रविवारी सकाळी होता, कार्यक्रम आणि मग पानावर जेवण. न जाण्याचा माझा बेत होता. पण न गेलो असतो तर लोक काय ते समजले असते, म्हणून गेलो, साधी वेष्टी नेसून. मला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. मुलांची गाणी झाली, बक्षिसं झाली. मग रंजना म्हणाली, आता सरप्राइज आयटम, आणि पडदा उघडला.

भामा आली. पण भामा म्हणून नाही. मोरडोळ्यांची माझी वेष्टी, पांढरा शर्ट, खांद्यावर अंगवस्त्र, ओठांवर काजळाने काढलेली मिशी. ती माईकपाशी आली, माईकवर टिचकी मारली, मग फुंकर मारली, मग पुन्हा टिचकी मारली, आणि घसा खाकरून म्हणाली, "मी जास्त वेळ घेणार नाही." असं म्हणत तिने शर्टाच्या बाह्या एकेक घडी घालत कोपरापर्यंत वर केल्या.

सभागृह हसून कोसळलं. मला काही कळेना. शेजारच्या वकिलांनी मांडीवर थाप मारून सांगितलं, "सार, हे तुम्हीच!"

मी? मी असा बाह्या वर करतो? विनोद सांगायच्या आधी मी स्वतःच हसतो? पायसमची घोषणा करताना मी पोटावरून हात फिरवतो? दर घोषणेला लोक पोट धरून हसत होते. खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी होते. आणि ती थांबत नव्हती. माझा आवाज, माझं ते ओढून बोलणं, खोकला कुठे येतो तेसुद्धा. एवढं तिने पाहून ठेवलं होतं, घरात, गप्प राहून. त्या तालमी ह्याच्या होत्या. त्या घरात ती दोघं हसत होती ते मला हसत होती.

मला राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त जळफळाट झाला. माझेच विनोद, माझीच वेष्टी, आणि टाळ्या तिला! मी सांगायचो तेव्हा लोक एवढे कधी हसले नव्हते.

तिच्या नकलेत एक गोष्ट मात्र मला उमगेना. विनोद झाला की ती थांबायची, डावीकडे मान वळवून दुसऱ्या खांबाकडे बघायची, एक श्वास तिथेच, मग समाधान झाल्यासारखी मान हलवून पुढे. प्रत्येक विनोदानंतर हेच. लोकांना वाटलं, टाळ्यांची वाट बघतोय, म्हणून ते आणखी हसले. मी वळून बघितलं तिथे काय आहे. दुसऱ्या खांबाशी बायकांच्या खुर्च्या. कडेची एक रिकामी. त्या खुर्चीवर दर वर्षी भामा बसायची.

कार्यक्रम संपला. सुब्रमण्यम यांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी माईक मॅडमकडेच. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या क्लबात समिती सगळ्यांना वाढते आणि शेवटच्या पंक्तीला बसते. त्या पंक्तीला वाढायचं काम समितीच्या घरच्यांचं. इतकी वर्षं मी बसायचो आणि भामा वाढायची. आज घरचा मी. रंजनाचा नवरा भात घेऊन पुढे गेला आणि माझ्या हातात रसमची बादली आली. पानांवर तिघं, रंजना, भामा, अनिरुद्धराव. भामाच्या ओठावर काजळ अजून थोडं राहिलं होतं.

"वेष्टीवर कॉफी सांडली होती," ती म्हणाली. "म्हणून तिकडेच धुतली. राग आला का?"

मी विचारलं, "तें खांबाकडे बघणें तूं कोठून काढलेंस?"

"मज काय ठाऊक? तें ह्यांनीं शिकविलें," तिने शेजारच्या पानाकडे मान केली. "मी म्हटलें, असें हे करीत नाहींत. अनिरुद्धराव म्हणाले, करतो, दर वेळीं करतो."

"तुज समोर बसून दिसलें नाहीं?"

"मी कोठें बघायची?" भामा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही विनोद सांगूं लागलांत की मज मेल्याहून मेलें व्हायचें. मी मान खालीं घालून पदराचे दोरे काढीत बसायची, आटपेपर्यंत."

रंजनाने पानावरून नजर उचलली नाही. अनिरुद्धराव भात कालवत होता, पण त्याचा हात आता हळू झाला होता.

"खरें आहे सांबा," तो म्हणाला. "एवढें सभागृह, पण तूं बघायचास एकाच खुर्चीकडे. वहिनींची मान खालीं, तरी तूं बघून खूश व्हायचास. मी मागच्या रांगेंत एकटा बसायचों. मज तुझा फार हेवा वाटायचा. सगळीं वर्षं वाटायचा."

बादली धरून मी तसाच उभा राहिलो. ज्याच्यावर मी इतके महिने जळत होतो तो माझ्यावर जळत होता, माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून. हे ऐकून मला गार वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी दर विनोदानंतर भामाकडे बघितलं आणि ती खाली बघते हे मला एकदाही दिसलं नाही. मागच्या रांगेतून त्याला दिसलं. मी बघतो तेही आणि ती बघत नाही तेही. दोरीवरची वेष्टी बघून मला झालं नसेल तेवढं आता झालं, कारण ह्या वेळी रागवायला कोणी नव्हतं.

"भामा," मी म्हणालो.

"आधीं रसम वाढा," ती म्हणाली. "भात कोरडा झाला."

मी तिच्या पानावर रसम वाढलं, मग त्याच्या पानावर वाढलं. तो पुरे म्हणाला तरी आणखी थोडं वाढलं. मग बादली घेऊन तिथेच थांबलो, भामा जेवताना मान वर करते का बघत.